उपेक्खा की उपेक्षा? ध्यान हीच टाळाटाळ झाली तेव्हा

(ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत. संबंधित व्यक्तीचा उल्लेख 'अ' असा केला आहे.)

पार्श्वभूमी

अ, वय ४३, एका मध्यम आकाराच्या कंपनीत खरेदी विभाग सांभाळतात. दर, मुदती, परत पाठवलेला माल, थकलेली बिलं यांवरून पुरवठादारांशी रोजची घासाघीस. घरी पत्नी आणि तेरा वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी दहा दिवसांचं निवासी शिबिर केल्यापासून त्यांची रोजची बैठक चुकलेली नव्हती. सकाळी ४५ मिनिटं, संध्याकाळी ३०. आधी आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष, मग शरीरभरच्या संवेदना पाहत जाणं. पहिल्या वर्षी फरक उघड होता. झोप सुधारली, ॲसिडिटीच्या गोळ्या कमी झाल्या.

मग विभागातला एक सहकारी सोडून गेला आणि त्याची जागा भरली गेली नाही. पुढच्या आठ महिन्यांत अ यांची संध्याकाळची बैठक ३० वरून ९० मिनिटांवर गेली, आणि तरीही झोप उडाली, घरात आवाज चढू लागला. समुपदेशकाकडे ते एकच प्रश्न घेऊन आले: एवढं बसूनही हे का होतंय, आणि आणखी किती बसावं?

तक्रार आणि पहिली तपासणी

चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ प्रश्नावलीत त्यांना २१ पैकी १३ गुण पडले. १० ते १४ गुणांना मध्यम चिंता मानतात. नैराश्याच्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी ८, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्य. हा प्रश्न शून्य नसता तर प्रकरण पुढच्या कोणत्याही पायरीआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलं असतं. डॉक्टरांकडून थायरॉइडची तपासणी झाली, ती व्यवस्थित निघाली.

'ताण आहे' यावर काम करता येत नाही; मोजता येईल असं वर्तन लागतं. पहिल्या दोन भेटींत तशी तीन वर्तनं निश्चित झाली. एक, पुरवठादारांचे कटकटीचे मेसेज न उघडता ठेवून देणं. दोन, रात्री अकरानंतर फोन चाळत राहणं. तीन, मुलीवर खेकसणं.

नोंदींतून काय दिसलं

दहा दिवस एका छोट्या वहीत नोंदी ठेवायच्या ठरल्या. रकाने पाच: काय घडलं, त्या क्षणाची वेदना, काय केलं, पुढच्या दोन मिनिटांत काय वाटलं, आणि दुसऱ्या सकाळी त्याचं काय झालं. वर्तनवादी पद्धतीत पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम अशी तीन पदरी नोंद असते. इथे वेदनेचा रकाना बौद्ध बाजूने घातला, कारण प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं हे सांगणाऱ्या बौद्ध साखळीत स्पर्श आणि तृष्णा यांच्यामध्ये वेदना बसते, आणि व्यवहारात हस्तक्षेपाला फट मिळते ती तिथेच. शेवटचा रकाना मात्र सर्वांत महत्त्वाचा ठरला. वर्तन टिकवून धरतो तो पहिल्या दोन मिनिटांतला परिणाम. किंमत कळते ती दुसऱ्या दिवशी.

पहिल्याच तीन दिवसांत एक घोटाळा झाला, आणि तो भाषेचा होता. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पाली वेदना म्हणजे अनुभवाला असलेला सुखद, दुःखद किंवा ना-सुखद-ना-दुःखद असा रंग. ती भावना नव्हे आणि दुखणंही नव्हे. दोन वर्षांच्या साधकालाही हे ऐकून माहीत होतं, पण हाताने लिहिताना मराठी अर्थच उतरला. त्यांनी फक्त नकोशा क्षणांची नोंद केली, आणि रात्रीचा फोन वहीत आलाच नाही, कारण तो हातात घेताना जे वाटतं ते सुखद होतं. रकान्याचं नाव बदलून 'रंग' केलं आणि खुणा ठेवल्या तीन: अधिक, उणे, शून्य. चौथ्या दिवसापासून फोन वहीत दिसू लागला.

दहा दिवसांच्या शेवटी वही असं सांगत होती. दिवस संपताना सरासरी चार मेसेज न उघडलेले. चौथ्या दिवसापासून बहुतेक रात्री फोन, साधारण सव्वा तास. मुलीवर आवाज चढल्याचे नऊ प्रसंग. आणि संध्याकाळच्या दहा बैठकांपैकी सात बैठका एखादा मेसेज बाजूला सारल्यावर दहा मिनिटांच्या आत सुरू झालेल्या. शून्य ते दहाच्या मापावर ताण बसण्यापूर्वी सरासरी ७, उठताना ३, आणि दुसऱ्या सकाळी तोच मेसेज दिसल्यावर ८.

वर्तनशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. एखाद्या कृतीने नकोशी अवस्था लगेच हटली, की ती कृती बळावते. बाहेरून पाहिलं तर रात्री फोन चाळणं आणि डोळे मिटून ताठ बसणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर. कार्य मात्र एकच. दोन्हींनी तो मेसेज नजरेआड होत होता. बौद्ध परिभाषेत याच्या जवळ जाणारा शब्द विभवतृष्णा. त्याचा पारंपरिक अर्थ 'नसण्याची' तहान असा मोठा आहे. इथे तो 'हे आत्ता नसावं' एवढ्या रोजच्या मापात वापरला.

अ यांच्या मते ही समता होती. "मी प्रतिक्रिया देत नाही, नुसतं पाहतो." इथे बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गातला एक भेद उपयोगी पडला. हा ग्रंथ पाचव्या शतकातला. त्यात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्खा या प्रत्येकीचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. जवळचा म्हणजे तिच्यासारखाच दिसणारा, म्हणून जास्त फसवा. उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. पालीतली उपेक्खा म्हणजे समतोलाने पाहणं. त्याच शब्दाचं संस्कृत रूप उपेक्षा, आणि ते मराठीत दुर्लक्ष या अर्थाने रुळलं. अ यांची बैठक पाली नावाखाली मराठी अर्थ जगत होती. हे वाक्य समुपदेशकाने त्यांना ऐकवलं नाही. वही उघडून चौथा आणि पाचवा रकाना शेजारी शेजारी वाचायला सांगितलं. ते स्वतःच गप्प झाले.

कोणते पर्याय होते

अ यांची स्वतःची पसंती आणखी एका दहा दिवसांच्या शिबिराला होती. ते नाकारायला कारण साधं: जी कृती टाळाटाळीचं काम करते आहे तिची मात्रा वाढवून टाळाटाळच वाढते, आणि परत येईपर्यंत न उघडलेल्या मेसेजचा ढीग साठतो.

दुसरा पर्याय बरोबर उलटा. सहा आठवडे ध्यान पूर्ण बंद, आणि फक्त टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचा सराव. वर्तनाच्या दृष्टीने हा स्वच्छ होता. कशामुळे फरक पडला हे निर्विवाद कळलं असतं. पण सकाळच्या बैठकीत वहीप्रमाणे काहीच वावगं नव्हतं. शिवाय दोन वर्षांत कमावलेलं एक कौशल्य, म्हणजे शरीरात काय चाललंय ते चटकन ओळखणं, फेकून देण्यात शहाणपण नव्हतं.

आठ आठवड्यांच्या तयार अभ्यासक्रमाचाही विचार झाला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या ताण-निवारण कार्यक्रमात आठवड्याला एक अडीच तासांचा वर्ग आणि रोज सुमारे ४५ मिनिटं घरचा सराव असतो. नवशिक्याला तो उत्तम. अ यांना कमतरता बसण्याची नव्हतीच. त्याच मुशीतून पुढे निघालेली सजगताधारित बोधात्मक उपचारपद्धती मूळ वारंवार येणाऱ्या नैराश्यासाठी आखलेली आहे. त्यांची अडचण ती नव्हती.

चौथा, स्वीकारलेला पर्याय: ध्यान ठेवायचं, पण त्याची जागा आणि त्याला जोडलेली अट बदलायची. पहिल्या आठवड्यात एक छोटी चाचणी घेतली. एक दिवस नेहमीसारखं. दुसऱ्या दिवशी मेसेज उघडून निदान एक ओळ उत्तर लिहिल्यावरच बसायचं. सहा दिवसांत तीन-तीन नोंदी मिळाल्या. उत्तर दिलेल्या दिवशी बसताना ताण जास्त, उठताना ४ ते ५, पण दुसऱ्या सकाळी ३. तीन नोंदींवरून सिद्ध काही होत नाही. अ यांना मात्र पटायला तेवढ्या पुरल्या.

प्रत्यक्ष काय केलं

बैठकीला घड्याळ लावलं. संध्याकाळची बैठक २० मिनिटं, रोज ६ वाजून ४० मिनिटांनी, ताण २ असो वा ९. ही कल्पना जुनाट दुखण्यावरच्या उपचारांतून घेतली. विल्बर्ट फोर्डाइस यांनी वेदनाशामक गोळ्या दुखण्याच्या तक्रारीनुसार न देता ठरल्या वेळी देण्याचा आग्रह धरला होता, म्हणजे गोळीचा आराम तक्रारीचं बक्षीस ठरत नाही. इथे गोळीच्या जागी बैठक. सकाळची ३० मिनिटांवर आणली, बाकी तशीच ठेवली.

वाचलेला वेळ मेसेजच्या क्षणाकडे वळवला. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून आलेलं 'जर-तर' वाक्य अ यांनी स्वतःच्या शब्दांत लिहून मॉनिटरवर चिकटवलं: "पुरवठादाराचं नाव दिसलं, की फोन टेबलावर, दोन्ही तळवे टेबलावर, रंग एका शब्दात, तीन उच्छ्वास, मग उघडायचं." सगळं मिळून मिनिटभरही लागत नाही. सोप्याकडून अवघडाकडे पाच पायऱ्या ठरवल्या. सगळ्यांत खाली माल पोहोचल्याची पोच, ताण ३. सगळ्यांत वर दोनदा आवाज चढवून बोललेल्या एका पुरवठादाराचा फोन उचलणं, ताण ८. एका पायरीवर सलग चार वेळा न टाळता पार पडलं, की पुढची.

रात्रीसाठी रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं उद्दीपक-नियंत्रण घेतलं: अंथरूण फक्त झोपेसाठी, साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत, डोळे जड झाले की परत. फोनचा चार्जर बैठकीच्या खोलीत हलवला.

उठून बसल्यावर डोक्यातल्या चक्राचं काय करायचं, यासाठी मज्झिम निकाय या पाली सुत्तांच्या (बुद्धांच्या उपदेशांच्या) संग्रहातलं विसावं, वितक्कसण्ठान सुत्त हाताशी होतं. नकोशा विचारांवर त्यात पाच उपाय क्रमाने दिले आहेत: त्याच्या जागी दुसरा विचार आणणं, जसा सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो, त्याचे तोटे पाहणं, तिकडे लक्ष न देणं, विचार घडवणारी गती शमवणं, आणि शेवटी दातावर दात घट्ट धरून मनाने मन दडपणं. अ नेमके पाचव्यापासून सुरुवात करत होते. दडपलेला विचार उसळून येतो हे डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या 'पांढरं अस्वल' प्रयोगाने दाखवलं. सुत्तानेही दडपणं शेवटाला ठेवलंय, हे त्यांना नव्याने दिसलं. त्यांच्यासाठी चौथा निवडला. त्याची उपमा अशी: झपाझप चालणाऱ्याला वाटतं, मी एवढ्या घाईने का चालतोय? तो सावकाश चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. अ यांनी ती शब्दशः वापरली. खोलीत पाच मिनिटं चालणं, दोन मिनिटं उभं राहणं, मग खुर्ची, मग अंथरूण.

मुलीच्या बाबतीत मज्झिम निकायातलंच ६१ वं सुत्त. त्यात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला विचारतात, आरसा कशासाठी असतो? मग सांगतात, कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर, तिन्ही वेळी निरखावी: यातून मला, दुसऱ्याला, दोघांना पीडा होते का? रागाच्या भरात 'पूर्वी' कोणालाच सापडत नाही. म्हणून क्रम उलटा लावला. पहिले दोन आठवडे फक्त 'केल्यावर': अर्ध्या तासाच्या आत मुलीला एक वाक्य, "मगाशी माझा आवाज चढला, ते चुकलं." त्यापुढे 'पण' नाही. त्यानंतर 'करताना', म्हणजे वाक्याच्या मध्येच थांबणं. 'पूर्वी' सर्वांत शेवटी.

काय बिघडलं

तीन उच्छ्वासांचे पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटांचे आनापान झाले. शांत वाटेपर्यंत थांबायचं आणि मग उघडायचं, असा अर्थ अ यांनी आपसूक लावला. टाळाटाळ नवा वेष घालून परत आली होती. दुरुस्ती एकाच नियमाने: तिसरा श्वास सुटला की उघडायचं, ताण ८ असला तरी. श्वास शांत होण्यासाठी नाही; काय वाटतंय हे कळत असताना बोट पुढे जावं, यासाठी आहे.

वरच्या पायऱ्यांवर श्वासाकडे लक्ष नेलं की घसा आवळल्यासारखा व्हायचा. हे अनेकांना होतं आणि रेटून नेण्यात अर्थ नसतो. लक्ष तळपायांकडे आणि खोलीतल्या आवाजांकडे वळवलं, उच्छ्वास नुसते मोजायला ठेवले.

फोन हलवल्यावर पहिल्या तीन रात्री ते उठून फोनपर्यंत जाण्याचं प्रमाण वाढलं. एका रात्री पाच वेळा. नेहमीचं बक्षीस बंद झालं की वर्तन ओसरण्यापूर्वी काही काळ उसळतं. हा विलोपनाचा परिचित भाग आहे आणि आधी सांगून ठेवलेला नसेल तर माणूस नेमका याच रात्री उपाय सोडतो. त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते टिकले. चौथ्या रात्री 'अलार्मसाठी' फोन उशाशी परत आला, त्यावर साधं घड्याळ आणलं.

मोठी चूक समुपदेशकाची. तिसऱ्याच आठवड्यात मैत्री भावनेसाठी, म्हणजे एखाद्याचं भलं चिंतत बसण्याच्या सरावासाठी, आवाज चढवणारा तो पुरवठादार विषय म्हणून दिला. विसुद्धिमग्गात क्रम स्पष्ट आहे: आधी स्वतः, मग आदरणीय आणि प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, वैरी शेवटी, आणि वैऱ्याला सुरुवातीला घेऊ नये असं बजावलेलं आहे. व्हायचं तेच झालं. राग वाढला, आणि 'मला मैत्रीही जमत नाही' हा अपराधभाव वर. त्यातच एका वाटाघाटीत अ यांनी मन मोठं करून नाकारायला हवी होती ती अट मान्य केली. दहा दिवस मागे जाऊन कंपनीच्या दारावरच्या रखवालदारापासून, म्हणजे तटस्थ व्यक्तीपासून, पुन्हा सुरुवात केली. पुरवठादाराकडे वळले ते आठव्या आठवड्यात, आणि तेव्हा सोबत दुसरं वाक्य जोडून: "तो सुखी असो, दर हाच राहील."

निष्पत्ती

दहाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा दहा दिवसांच्या नोंदी घेतल्या. दहापैकी सहा दिवस एकही मेसेज न उघडलेला नव्हता, उरलेल्या चार दिवशी एक किंवा दोन. रात्रीचा फोन तीन रात्री, वीस मिनिटांच्या आत. जीएडी-७ १३ वरून ६ वर. मुलीवरचे प्रसंग नऊवरून पाच. ही सुधारणा सगळ्यांत तोकडी. मात्र पाचपैकी चार वेळा ते एक वाक्य त्याच संध्याकाळी बोललं गेलं होतं.

या आकड्यांतलं श्रेय नेमकं कशाला, हे सांगता येत नाही. सहाव्या आठवड्यात एक गोष्ट अशी घडली, जिचा ना ध्यानाशी संबंध ना प्रबलनाशी: अ यांनी वरिष्ठांना लिहून दिलं की हे काम दोन माणसांचं आहे. दोन आठवड्यांनी एक अर्धवेळ मदतनीस मिळाला. वहीतल्या आकड्यांमुळे ते पत्र लिहिता आलं, एवढं खरं.

तीन महिन्यांनी एका आठवड्याच्या दौऱ्यात सगळी घडी मोडली. फोन उशाशी, बैठक नाही. अशा वेळी 'मोडलंच ना' म्हणून सोडून देण्याच्या कलाला ॲलन मारलॅट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात वेगळं नाव दिलं होतं, कारण मूळ घसरणीपेक्षा तोच महागात पडतो. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, मध्यक ६६ दिवसांचा, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं होतं. सात दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे. अ यांना पूर्ववत व्हायला परतल्यावर नऊ दिवस लागले.

पुन्हा करायचं झालं तर

नोंदवहीचा वेदनेचा रकाना पहिल्या दिवसापासून खुणांचा ठेवावा. तीन दिवसांच्या नोंदी वाया गेल्या. कामाचा बोजा हा प्रश्न सहाव्या आठवड्यात नव्हे, पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. अवास्तव काम सुसह्य करण्यासाठी सजगता वापरणं ही टाळाटाळीचीच एक जात आहे, फक्त त्यात समुपदेशकही सामील असतो. पत्नीला चौथ्या आठवड्यात बोलावलं, तेव्हा कळलं की ९० मिनिटांच्या बैठकीच्या काळात मुलीचा अभ्यास, जेवण आणि भांडणं एकट्या त्याच निभावत होत्या. हे आधी कळलं असतं तर बैठक २० मिनिटांवर आणण्याचं कारण वेगळं, आणि बहुधा अधिक पटणारं, मांडता आलं असतं.

ज्यांना जुन्या आघाताच्या आठवणी उसळतात, किंवा डोळे मिटताच घाबरं होतं, त्यांच्यासाठी हीच आखणी उचलू नये. तिथे सामोरं जाण्याच्या पायऱ्या प्रशिक्षित उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ठरवाव्या लागतात.

सहा महिन्यांनंतरच्या भेटीत अ यांची संध्याकाळची बैठक त्यांच्या इच्छेने ३५ मिनिटांवर गेलेली होती, वेळ तीच, ६:४०. ही वाढ साधनेची की जुन्या सवयीची, हे पाहायला दोन आठवड्यांची वही चाळली. चौदापैकी दोनच दिवशी ते पन्नास मिनिटं बसले होते. त्या दोन्ही तारखांसमोर, कोणी न सांगता, त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: "एक मेसेज बाकी."